शून्याच्या अल्याड-पल्याड

कॅप्टन रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याने घोडी आणि कुत्री यांच्याबरोबर तीन मोटर-घसरगाड्याही नेल्या होत्या. इंग्लंडच्या वुल्झ्ली कंपनीने बांधलेल्या, चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या. बर्फावर चालण्यासाठीच बनवलेल्या यंत्रांच्या त्या आद्य नमुन्यांपैकी होत. एक गाडी १९११ च्या जानेवारीत जहाजावरून उतरवताना समुद्रावरचा बर्फ फुटून बुडाली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबरला तळावरून निघाल्या आणि सुमारे आठवडाभरात दोन्ही कायमच्या थांबल्या. त्या गोठून बंद पडल्या असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या तापून बंद पडल्या. हवेने थंड होणाऱ्या त्या इंजिनांचे मागचे सिलिंडर इतके तापत की थोडं अंतर कापलं की थांबावंच लागे. आणि थांबावं तर कार्ब्युरेटर इतका गार पडे की पुन्हा सुरू करणं जिकिरीचं होई. तापणं आणि गारठणं यांच्या हेलपाट्यात अखेर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं फुटली. गाड्यांबरोबरच्या चौघांनी पट्टे अंगाला बांधून सामान स्वतः ओढलं. या गाड्यांच्या जडणघडणीत ज्याचा मोठा हात होता तो अभियंता रेजिनाल्ड स्केल्टन मोहिमेत नव्हता. त्याचा हुद्दा वरचा असल्याने दुसऱ्या अधिकाऱ्याची अडचण होईल म्हणून त्याला मागे ठेवलं गेलं होतं.

शंभराहून अधिक वर्षं उलटली तरी त्या आठवड्यातली गोष्ट जुनी झालेली नाही. गोठवणाऱ्या हवेत यंत्र सांभाळण्याची चर्चा निघाली की बोलणं ‘किती थंडी’ यावर येतं. उणे दहा, उणे वीस, उणे तीस. आकडा जितका खाली तितका धोका मोठा, असा समज. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र नुसतं गार राहिल्याने सहसा बिघडत नाही. ते बिघडतं शून्य अंशाची रेघ पुन्हा पुन्हा ओलांडल्याने, कारण त्या रेघेवर पाणी आपलं रूप बदलतं. म्हणून हिवाळ्यातली निगा ही मुळात पाण्याची निगा आहे, आणि तिची वेळ सकाळी गाडी सुरू करण्याची नसून आदल्या संध्याकाळी गाडी बंद करण्याची आहे. हे एटीव्हीच्या बाबतीत जितकं खरं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या वाहनाच्या बाबतीत असेल.

एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी, फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखी मांड ठोकून चालवायची गाडी, आपल्याकडे बहुतेकांना पर्यटनस्थळांवरची गंमत म्हणून ठाऊक असते. गुलमर्ग, सोलंग, नुब्रा खोऱ्यातल्या हुंदरची वाळू इथे त्या भाड्याने मिळतात. लडाखमध्ये लष्करही अशा गाड्या वापरतं, कारण जिथे जीपची वाट संपते तिथून पुढे माणूस, पाणी, रॉकेल आणि दारूगोळा नेण्याचं काम त्या करतात. या गाडीचा एक वंश थेट बर्फातला आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ रोझो नावाचं छोटं गाव आहे. पोलारिस कंपनी १९५४ मध्ये तिथे सुरू झाली, बर्फावरच्या स्नोमोबाइल बनवत मोठी झाली आणि १९८५ मध्ये तिने पहिली एटीव्ही बाजारात आणली. त्या एटीव्हीला गिअर बदलावे लागत नव्हते. स्नोमोबाइलप्रमाणे रबरी पट्टा आणि दोन पुली यांवर वेग आपोआप बदलायचा. आज बहुतेक मोठ्या एटीव्हींत हाच पट्टा असतो. जन्म हिमप्रदेशातला असला, तरी गाडी उघडी असते. तिला बॉनेट नाही, छप्पर नाही. इंजिन, तारा, केबली, ब्रेक, हवेची नळी हे सगळं चाकांनी उडवलेल्या बर्फाच्या माऱ्यात असतं. मोटारीला जे वर्षभरात भिजवतं ते एटीव्हीला एका दुपारी भिजवतं.

आता हे पाणी येतं कुठून? बर्फातून येतं हे उघड आहे. पण मोठा वाटा इंजिन स्वतः तयार करतं. पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांचं संयुग. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या इंजिनातून ते वाफ होऊन धुराड्यावाटे निघून जातं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. इंजिन गार असेल तर त्यातला काही भाग पिस्टनच्या कडांवरून खाली उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल नीट तापलं तर ते पुन्हा वाफ होऊन उडून जातं. तापलं नाही तर तिथेच राहतं, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट साय धरते. इंजिनातली वाफ ज्या ब्रीदर पाइपातून बाहेर पडायची, तो पाइप थंडीत तोंडाशी गोठून बुजू शकतो. मग आत दाब साठतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सील जुनं झालं. खरा दोष बोटभर नळीतल्या बर्फाच्या बुचाचा असतो.

यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना पटणार नाही. हिवाळ्यात उभी असलेली गाडी रोज सकाळी पाच मिनिटं सुरू करून ठेवायची ही सवय तिच्या भल्याची समजली जाते. ती तिचा घात करते. पाच मिनिटांत इंजिन पाणी तयार करण्याइतकं चालतं, पण ते हाकलण्याइतकं तापत नाही. पेट्रोलही थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं. धुराड्यात साचलेलं दव रात्री गोठतं. स्टार्टरने बॅटरीतून जे खेचलं ते गार बॅटरी रिकाम्या फेऱ्यांवर पाच मिनिटांत परत घेऊ शकत नाही. महिनाभर हा क्रम चालला की शून्याची रेघ तीस वेळा ओलांडली जाते आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी आत राहतं. त्यापेक्षा गाडी अजिबात सुरू न करता बॅटरी काढून घरात ठेवणं बरं. किंवा दहा-बारा दिवसांनी एकदाच बाहेर काढून अर्धा-पाऊण तास खरोखर चालवावी, म्हणजे ऑइल पूर्ण तापेल.

यावर पहिला आक्षेप लडाखमधूनच येईल. जन्म तिथल्या रस्त्यांवर काढलेले ट्रकचालक कडाक्याच्या रात्री इंजिन बंदच करत नाहीत, ते काय मूर्ख आहेत? मुळीच नाहीत. त्यांचं शहाणपण माझ्याच बाजूने साक्ष देतं. रात्रभर चालणारं इंजिन शून्याच्या वरच राहतं. ते रेघ ओलांडतच नाही. शिवाय त्यांची अडचण निराळी आहे. डिझेलमध्ये मेण असतं आणि थंडीत ते साकळतं. आपल्या मानकांनुसार हिवाळ्यातल्या साध्या डिझेलने ३ अंशांपर्यंत वाहतं राहावं एवढीच अपेक्षा असते. म्हणूनच लडाखमध्ये डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं, टाकीखाली शेगडी पेटवणं असे धोक्याचे उपाय वर्षानुवर्षं चालले. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीत तयार केलेलं, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल लडाखसाठी आणलं, तेव्हा कुठे या प्रश्नाला धड उत्तर मिळालं. पण बहुतेक एटीव्ही पेट्रोलवर चालतात. माणूस राहतो तिथल्या कुठल्याही थंडीत पेट्रोल गोठत नाही. गोठतं ते त्यात शिरलेलं पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री आकुंचन पावलेल्या हवेबरोबर बाहेरची ओलसर हवा आत घेते, तिचं दव टाकीच्या भिंतीवर धरतं, थेंब तळाशी जातात, आणि पंपाच्या जाळीवर किंवा नळीच्या वळणावर तांदळाएवढा खडा होऊन बसतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, हा त्याचा गुण. पण तापमान उतरलं की ही ताकद कमी होते आणि पाणी इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी वेगळं होतं. म्हणून दौरा संपताच टाकी काठोकाठ भरून ठेवावी. हवेला जागा नाही, तर दवाला जागा नाही. ट्रकचालकाची सवय एटीव्हीला लावताना इंधनातला हा फरक विसरला जातो.

बॅटरीची गोष्टही अखेर पाण्यापाशीच येते. साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून वीज घेतली की आम्ल खर्ची पडतं आणि त्याच्या जागी पाणी तयार होतं. तिचं रसायनशास्त्रच तसं आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतला द्राव उणे ५० च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतला द्राव उणे १० च्या आतबाहेरच गोठू शकतो, आणि गोठलं की पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, प्लेटा वाकतात, खोकं फुटतं. म्हणजे त्याच रात्री, त्याच शेडमध्ये शेजारी ठेवलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक सकाळी काम देईल आणि दुसरी भंगारात जाईल. थंडी दोघींना सारखीच होती. हल्ली हलक्या लिथियम बॅटऱ्या बसवण्याकडे कल आहे. त्यांत पाणी नसतं, पण शून्याच्या खाली त्यांना चार्ज केलं तर आत लिथियमचा धातू साचून त्या कायमच्या खराब होतात. ती रेघ इथेही आडवी येतेच.

दुसरा आक्षेप आधुनिकतेचा. हे सगळं कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं झालं. आता इंधन इंजेक्शनने जातं, संगणक हवेचं तापमान मोजून मिश्रण ठरवतो, मग इतकी चिंता कशाला? यात तथ्य आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं. बाहेर हवा ४-५ अंश असली तरी आतला गळा शून्याखाली जाऊन तिथे बर्फ धरतो. गंमत अशी की उणे २५ च्या कोरड्या हवेत हा त्रास जवळजवळ नसतो, कारण तितक्या गार हवेत बाष्पच मावत नाही. एक घनमीटर हवेत २० अंशांना साधारण १७ ग्रॅम बाष्प मावतं, उणे २० ला जेमतेम एक ग्रॅम. ज्या लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो तिथल्या जानेवारीपेक्षा गुलमर्गचा ओला, शून्याच्या आसपास घोटाळणारा बर्फ अशा यंत्राला अधिक छळतो. इंजेक्शनने हा छळ संपवला हे मान्यच करायला हवं. पण त्या सुखाची किंमत बॅटरीने चुकवली. पेट्रोलचा पंप, संगणक, इंजेक्टर या सगळ्यांना ठरावीक दाबाची वीज लागते. ती मिळाली नाही तर स्टार्टर फिरूनही इंजिन लागत नाही. जुन्या गाड्यांना दोरी ओढून सुरू करायची सोय असे. बऱ्याच नव्या मॉडेलांतून ती गेली. आणि आपला हुकमी उपाय, चार जणांनी मिळून धक्का मारणं, तो इथे लागूच पडत नाही. पट्ट्याची गाडी इंजिन फिरल्याशिवाय चाकांना जोडली जात नाही, त्यामुळे चाकं ढकलून इंजिन फिरत नाही. म्हणजे नव्या गाडीत बिघाडाच्या जागा कमी झाल्या, पण ज्या एका जागेवर सगळं एकवटलं ती जागा थंडीला सर्वात हळवी आहे.

कूलंट आणि ऑइल यांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण इथे वाद नाही, फक्त दुर्लक्ष आहे. कूलंट घट्ट तितका चांगला, हा गैरसमज आहे. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारास गोठतं; त्यात निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. उलट बाजूने, उन्हाळ्यात पातळी उतरली की नळाचं पाणी ओतायची सवय असेल तर प्रमाण नकळत बिघडत जातं आणि तीस टक्के ग्लायकॉलचं मिश्रण उणे १५-१६ लाच गोठू लागतं. रेडिएटर जानेवारीत फुटतो, पण त्याची फूट जूनमधल्या तांब्याभर पाण्यात ठरलेली असते. ऑइलच्या डब्यावर ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा असतो, तो हिवाळ्याचा. २० डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांना होते, ५ डब्ल्यूची उणे ३० ला, ० डब्ल्यूची उणे ३५ ला. आपल्या मैदानी उन्हासाठी भरलेलं जाड ऑइल घेऊन वर गेलेलं इंजिन पहिले काही क्षण कोरडंच घासतं. टायरचा हिशोबही सहसा कुणी करत नाही. एटीव्हीच्या टायरमध्ये ५ ते ७ पीएसआय इतकीच हवा असते. लेहमध्ये २० अंशांच्या उबदार खोलीत ५ भरले आणि गाडी उणे २० मध्ये बाहेर काढली, तर गेजवर सुमारे ३ उरतात. मोटारीला जो फरक जाणवणारही नाही, त्याने इथे जवळपास निम्मी हवा जाते आणि वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. हवा बाहेर, थंडीतच मोजायची, एवढाच त्यावर उपाय.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे, आणि त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. गाडी गरम गॅरेजात ठेवली की सगळे प्रश्न सुटले, नाही का? पैसा असेल त्याला हा उपाय सरळ वाटतो. पण विचार करा. संध्याकाळी बर्फाने लडबडलेली, हाडापर्यंत गारठलेली गाडी उबदार खोलीत आली. खोलीतलं बाष्प तिच्या प्रत्येक गार भागावर दव होऊन बसतं, वायरिंगच्या जोडांत, स्विचांत, एअर फिल्टरच्या डब्यात. वर साचलेला बर्फ वितळून थ्रॉटलच्या केबलच्या नळीत, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, पट्ट्याच्या खोक्यात उतरतो. सकाळी सात वाजता ती गाडी उणे २० मध्ये बाहेर काढली की हेच पाणी तिथेच गोठतं. ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटतात. ओला पट्टा पुलीवर घसरतो, जागच्या जागी घासून तापतो, त्याला एकाच ठिकाणी खळगा पडतो आणि मग तो कधीही तुटतो. सगळ्यात भयंकर म्हणजे थ्रॉटलची केबल: अंगठ्याने दाबलेली कळ सोडली तरी केबल आत गोठून अडकली तर इंजिन वेग सोडत नाही. म्हणून निघण्याआधी कळ दोन-तीनदा दाबून ती झटकन परत येते का हे पाहणं आणि इंजिन बंद करणारा लाल स्विच हातमोज्यातल्या अंगठ्याला न पाहता सापडतो का याची सवय करणं, या गोष्टींना मी ऑइलपेक्षाही वर ठेवीन. गरम गॅरेज वाईट नाही. अर्धवट गरम गॅरेज वाईट आहे. गाडी तिथे रात्रभर राहून पूर्ण सुकणार असेल, खालचं पाणी वाहून जाणार असेल, हवा खेळती असेल, तर उत्तम. तसं नसेल तर बाहेरची कोरडी, गार शेड बरी, आणि ऊब द्यायचीच तर खोलीला न देता इंजिनाला द्यावी, ऑइलच्या तळाशी किंवा कूलंटमध्ये बसणाऱ्या विजेच्या हीटरने, निघण्याआधी तास-दोन तास.

यापुढचा मुद्दा यंत्राचा नाही, हातांचा आहे. उणे २० मध्ये उघड्या बोटांनी पान्हा धरता येत नाही. जाड मोजे घालून बारीक स्क्रू फिरवता येत नाही. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो, तिथे वाकून दहा मिनिटं काम केलं की मैदानी माणसाला धाप लागते. त्यामुळे ‘बिघडलं तर बघू’ हे धोरण थंडीत उपलब्धच नसतं. जे करायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऊन अंगावर असताना: कूलंटचं प्रमाण मोजणं, बॅटरी भारावर तपासणं, ऑइल बदलणं, केबली काढून सुकवून वंगण घालणं, चाकांच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेत का पाहणं. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडची कितीतरी पोरं सैन्यातून सियाचीन-लडाखला जातात, आणि हल्ली पुण्या-मुंबईहून वाहनं घेऊन जाणारे हौशीही कमी नाहीत. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर हिमकण दिसले की वर्तमानपत्रात बातमी होते, अशा हवेत शिकलेलं वाहनज्ञान बरोबर घेऊन हे सगळे वर जातात. या ज्ञानात पाणी हा इंजिनाचा मित्र असतो. तापलं की ओतायचं. वरच्या हवेत हे ज्ञान सोडून देऊन नवं शिकणं ही खरी तयारी आहे, आणि गाडीच्या किमतीत ती मिळत नाही. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमांचं काम आज गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतं, आणि पहिली मोहीमही १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती. दमट किनाऱ्यावर बसून हिमखंडाची तयारी करता येते याचा हा चार दशकांचा दाखला आहे, पण तयारी म्हणजे आधी आणि सावकाश केलेली गोष्ट, हेही तोच दाखला सांगतो. स्केल्टनला घरी ठेवून गाड्या तेवढ्या पुढे पाठवल्याने काय झालं ते आपण पाहिलंच.

कुणी म्हणेल, एवढी खटपट कोण करणार? भाड्याने गाड्या देणाऱ्याला हंगाम दोन महिन्यांचा. सैनिकाला दिवसभराच्या श्रमानंतर आणखी अर्धा तास कुठून आणायचा? ही अडचण खरी आहे आणि ती उपदेशाने सुटणार नाही. जिथे गाडीवर जीव अवलंबून असतो तिथे तो अर्धा तास कामाच्या वेळेत धरला गेला पाहिजे, त्यासाठी वेगळा माणूस असला पाहिजे, आणि गाडी परत आल्याची नोंद ती सुकवून ठेवल्यावरच व्हायला हवी. नाहीतर तो अर्धा तास दुसऱ्या दिवशी भर थंडीत दुपटी-तिपटीने द्यावा लागतो, तेही हात बधिर झालेले असताना.

त्या अर्ध्या तासात करायचं तरी काय? परतीचा शेवटचा अर्धा किलोमीटर वेग कमी ठेवून ब्रेक हलकेच दाबत यायचं, म्हणजे डिस्क तापून कोरड्या होतात. पट्ट्याच्या खोक्याच्या तळाला बूच असेल तर ते उघडून आत पाणी साचलंय का पाहायचं. चाकांच्या कमानीतला, पायटेकांखालचा, रेडिएटरपुढचा बर्फ तो मऊ असतानाच झाडूने काढायचा. रात्री तो दगड होतो आणि सकाळी चाक फिरताच ब्रेकची नळी किंवा रबरी बूट फाडून नेतो. टाकी काठोकाठ भरायची. गाडी मातीवर किंवा बर्फावर उभी न करता दोन फळ्यांवर घ्यायची, नाहीतर टायर जमिनीला गोठून चिकटतात. हँडब्रेक न लावता गिअर पार्कमध्ये टाकायचा आणि चाकाला लाकडाची उटी द्यायची. वर प्लास्टिक न टाकता कापडाचं आच्छादन टाकायचं, वाफ निघून जाईल असं. आणि बॅटरी सोडवून, खाकोटीला मारून, आपल्याबरोबर बुखारीच्या, म्हणजे शेगडीने उबवलेल्या, खोलीत आत न्यायची.